कायमचा पत्ता

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, घराचं दार उघडलं की ते आपणहून मागे लागतात. मी भाडेकरार नोंदवते, घरी जाऊन. पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप, छोटा कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र. मालक आणि भाडेकरूला समोरासमोर बसवायचं, फोटो काढायचे, अंगठे घ्यायचे, झाला करार. काम अर्ध्या तासाचं. पण मग चहा येतो, आणि चहाबरोबर कोणाची सून काय म्हणाली इथपासून सगळं येतं. मी थांबवत नाही. कोणाच्या घरी चहा पिऊन घड्याळ बघणं मला जमत नाही.

सुरुवातीला, बारा वर्षांपूर्वी, बसण्याची पद्धत ठरलेली असायची. सोफ्यावर काका-काकू, म्हणजे मालक. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर भाडेकरू, म्हणजे अमरावतीहून सदाशिव पेठेत क्लाससाठी आलेली मुलगी नाहीतर हिंजवडीला जाणारा इंजिनिअर. अलीकडे अधूनमधून उलटं दिसतं. मालक तिशीतला आणि भाडेकरू सत्तरीतले. कोणाची मुलं परदेशी, कोणाचा जोडीदार गेलेला, कोणाचे गुडघे गेलेले. घर विकून ही माणसं भाड्याने राहायला निघतात.

त्यांच्यासाठी माझं एक ठरलेलं वाक्य आहे. "काकू, पत्ता बदलतो, माणूस तोच राहतो." हे म्हटलं की काकू जरा सैल होतात आणि फोटो चांगला येतो.

पण एका रकान्यापाशी हे वाक्य चालत नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते, तिच्यात विचारलेलं असतं: कायमचा पत्ता. क्लासवाली पोरं गावाकडचा पत्ता घडाघडा सांगतात. स्वतःचं घर विकून आलेला माणूस तिथे थांबतो.

मी नव्हते कधी थांबले. चौदा वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळी झाले, तेव्हापासून मीही भाड्याने राहते. दर अकरा महिन्यांनी स्वतःचा करार स्वतःच भरते, आणि त्या रकान्यात आईचं घर घालते. नारायण पेठ, तिसरा मजला. लिफ्ट नाही. चार घरं बदलली, तो पत्ता नाही बदलला.

दर शनिवारी दुपारी मी आईकडे जेवायला जाते आणि आठवड्याचे किस्से तिला सांगते. नावं बदलून. तुम्हालाही तसेच सांगते.

*

पहिला देवधर काकांचा. बँकेतून निवृत्त. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, दोघी मुली आपापल्या संसारात. त्यांनी बंगला विकला आणि एका खोलीचा फ्लॅट भाड्याने घेतला. मालक यवतमाळचा निखिल, आयटीतला, वय एकोणतीस.

मी पोचले तर काका मालकाच्या जागी बसलेले. सवय! तीस वर्षं त्यांनी वरच्या खोलीत विद्यार्थी ठेवले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून टाइप केलेला कागद काढला आणि निखिलच्या हातात दिला. भाडेकरूसाठीच्या अटी. जुन्या फाइलमधून तशाच आणलेल्या. सोळा होत्या.

निखिलने सगळ्या वाचल्या. पाहुणे दोन दिवसांपेक्षा जास्त नाहीत. कपडे पुढच्या गॅलरीत नाहीत. मग म्हणाला, "काका, सातवी अट, भिंतीला खिळा ठोकायचा नाही."

"बरोबर आहे. अजिबात नाही. प्लास्टर जातं."

"मी असाच एका काकांकडे राहिलो होतो. कॅलेंडर खुर्चीवर ठेवायचो."

देवधर काकांनी पिशवी जरा मागे सरकवली. तिच्यातून एका फ्रेमचा कोपरा बाहेर आला होता. काकूंचा फोटो होता तो. निखिलच्याही लक्षात आलं. त्याने अटींच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"कुठे लावायचाय तिथे ठोका, काका."

काका बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "एकच ठोकतो."

हा किस्सा ऐकून आई हसली नाही. मेथी निवडता निवडता तिने विचारलं, "त्या फ्लॅटला लिफ्ट होती का?"

*

दुसरा किस्सा दोन जावांचा. बापटांकडच्या थोरल्या अठ्ठ्याहत्तरच्या, धाकट्या चौऱ्याहत्तरच्या. एका घराचे दोन भाग, मध्ये भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी पस्तीस वर्षांचा अबोला. दोघींचे नवरे वर्षभराच्या अंतराने गेले, मुलं पुण्याबाहेर. दोघींनी आपापला भाग एकाच गिऱ्हाइकाला विकला आणि दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेतला. एकत्र!

मला राहवलं नाही. इतकी वर्षं बोलत नव्हतात ना, असं विचारून बसले.

"भांडण भावाभावांचं होतं," थोरल्या म्हणाल्या. "आम्ही नुसतं चालवत होतो."

मग करारात पहिलं नाव कोणाचं, यावर वाद झाला. मान म्हणून थोरलीचं, असं थोरलीचं म्हणणं. फ्लॅट आधी मी पाहिला, असं धाकटीचं. कायदा काय म्हणतो ते मला विचारलं. कायदा काहीच म्हणत नाही, हे ऐकून दोघींची निराशा झाली. शेवटी थोरली पहिली आणि मोठी खोली धाकटीला, असा तह झाला.

आणि मग अंगठे उमटेनात. हे नेहमीचं आहे. पन्नास वर्षं भांडी घासलेल्या, कणीक तिंबलेल्या हातांवर रेषा उरत नाहीत. यंत्र लाल दिवा दाखवत राहतं. थोरल्यांचा पाचव्यांदा उमटला. धाकट्यांचा काही केल्या नाही. त्या रडकुंडीला आल्या. तेव्हा थोरल्या उठल्या, खोबरेल तेलाची बाटली शोधून आणली, जावेचा हात मांडीवर घेतला आणि अंगठा चोळायला लागल्या. चोळता चोळता बोलत होत्या.

"हात बघ काय करून घेतलेत. एवढं कोणी काम करतं का?"

आठव्यांदा हिरवा दिवा लागला.

आईने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नळबिळ गळला तर कोणी बघायचं? मालकानेच ना?"

मी हो म्हटलं आणि आमटी वाढून घेतली. आई नुसती ऐकत नव्हती, माहिती काढत होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय ते मला बरोबर कळतं.

*

लहानसा एक. केसकर आजोबा ऐंशीचे. मुलगा-सून वेगळे झाले, घराची वाटणी झाली आणि आजोबा-आजी भाड्याने आले. मी कायमचा पत्ता विचारला.

"वैकुंठ स्मशानभूमी लिहा," आजोबा म्हणाले. "तिथून कोणी उठवत नाही."

आजी आतून पोहे घेऊन येत होत्या. "म्हणजे तिथेही आधी मी जाऊन झाडलोट करून ठेवायची का?"

मी मुलाचा पत्ता लिहिला. पोहे छान होते.

*

प्रधान काका आणि लेले काकू यांचं वेगळंच. काकांची बायको गेलेली, काकूंचे यजमान गेलेले. गाण्याच्या क्लासमध्ये ओळख झाली आणि उतारवयात एकत्र राहायचं ठरलं. लग्न नको होतं. मुलांना शंका की आता घर कोणाला जाणार. तेव्हा काकांनी आपलं घर मुलाच्या नावावर केलं, काकूंनी मुलीच्या, आणि दोघं तिसऱ्याच घरात भाड्याने गेले. तिथे कोणालाच कोणाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

माझ्या अर्जात सोबत राहणाऱ्या व्यक्तीशी नातं विचारतात. यादी ठरलेली असते. पत्नी, आई, बहीण, असं करत शेवटी 'इतर'. मी काकूंकडे बघायचं टाळत लॅपटॉपकडेच बघत होते.

"इतर करा," काकू म्हणाल्या. "आमच्या मुलांनीही तेच लिहिलं असतं."

काका म्हणाले, "यादी करणाऱ्याला गाणं येत नसणार."

*

वानखेडे साहेब मूळचे नागपूरचे. सरकारी खात्यात पस्तीस वर्षं, शेवटची वीस पुण्यात. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, पुस्तकांची कपाटं, आणि टेबलावर सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती, टाचण्या लावून. असा भाडेकरू मला आजवर मिळाला नव्हता. पत्नी गेल्यावर चार खोल्यांचं घर त्यांना खायला उठायचं, म्हणून विकलं. मुलगा बंगळुरूला. त्याने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं तेव्हा साहेब गेले नव्हते. तेव्हापासून दिवाळीला आणि आंबेडकर जयंतीला फोन, तेवढंच.

ते अर्ज स्वतःच्या हाताने लिहायला बसले. मी तो नंतर लॅपटॉपवर भरणार होते. अक्षर सुरेख. कायमच्या पत्त्याशी पेन थांबलं.

मी म्हटलं, मुलाचा घालू या का, बरेच जण घालतात.

"त्याला विचारलं नाही."

मग नागपूरचा? तिथे आता कोणी नाही म्हणाले. मग रिकामा सोडू, मी काहीतरी करून घेईन. हे मात्र मी चुकीच्या माणसापुढे बोलले.

"मॅडम, रकाना रिकामा आहे म्हणून मी किती लोकांचे अर्ज परत पाठवलेत, तुम्हाला कल्पना नाही. म्हातारी माणसं असायची. एसटीने यायची, एसटीने परत जायची."

त्यांनी स्वतःचाच अर्ज पुढे ओढला. समासात लाल शाईने लिहिलं: 'त्रुटी पूर्ततेसाठी परत. अर्जदाराने कायमचा पत्ता नमूद करावा.' खाली सही केली, तारीख घातली, आणि मला हात जोडून म्हणाले, आज करार होणार नाही. नवा मालक बिचारा सुट्टी काढून आला होता. तो माझ्याकडे बघायला लागला, मी पंख्याकडे.

दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला.

"पूर्तता झाली. मुलाला फोन केला. तुझा पत्ता लिहू का, विचारलं. तो म्हणाला, विचारता काय, बाबा. आता दोघं येतायत रविवारी."

मी त्या दिवशी स्वारगेटच्या सिग्नलला स्कूटरवर बसून रडले. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

*

हा किस्सा मी शनिवारी आईला सांगितला. सांगतानाही मला भरून आलं. आईने शांतपणे ताटातलं संपवलं, हात धुतला आणि म्हणाली, "मंजू, मीही घर विकतेय. गिऱ्हाईक बघून गेलंय."

मला आधी वाटलं, थट्टा करते आहे. पण आई थट्टा करताना हसते. आता ती हसत नव्हती. पंचावन्न पायऱ्या आहेत, म्हणाली. मोजल्यात. गेल्या पावसाळ्यानंतर ती फक्त अकरा वेळा खाली उतरली होती. तेही मोजलं होतं. भाजी, पेपर, औषधं गॅलरीतून टोपली सोडून वर घ्यायची. मला ती गंमत वाटायची. दोरीला लोंबणाऱ्या टोपलीचा मी फोटोसुद्धा काढला होता.

मी नको ते सगळं बोलले. गिऱ्हाइकांची मुलं जे बोलतात आणि जे ऐकून मी मनात हसते, ते सगळं. इतक्या वर्षांचा शेजार आहे. बाबांनी किती कष्टाने घेतलं. दादा काय म्हणेल? दादा कॅनडात, त्याने केव्हाच हो म्हटलं होतं. मग मी म्हटलं, माझ्याकडे ये राहायला.

"तुझ्याकडे दुसरा मजला. शिवाय महिन्याभरात आपण दोघी भांडून बापटांच्या जावा होऊ, आणि मला पस्तीस वर्षं थांबायला वेळ नाही."

मग लिफ्टवालं छोटं घर विकत घे, म्हटलं. आईने मान हलवली. घराचे पैसे तिला स्वतःच्या म्हातारपणासाठी हाताशी हवे होते, कोणापुढे हात पसरायला नको म्हणून. "आणि विकत घेऊन पुन्हा सोसायटीच्या मिटिंगा, पुन्हा पाण्याची टाकी? पन्नास वर्षं मालकीण होते. आता नळ गळला की मी फोन करणार आणि मोकळी होणार."

मला राग आला होता. निदान मला तसं वाटत होतं. खरं म्हणजे मी घाबरले होते. त्या घरात मी राहत नव्हते, पण नवरा, नोकरी, भाड्याची घरं सगळं सुटत गेलं तेव्हा ते एक जागेवर होतं. नारायण पेठ, तिसरा मजला. तिथे मी कधीही जाऊन दार वाजवू शकत होते. हे मी आईला सांगितलं. चोपन्नाव्या वर्षी, तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून, ओट्याला धरून.

आईने ऐकून घेतलं. मग माझ्याच सुरात म्हणाली, "पत्ता बदलतो, काकू. माणूस तोच राहतो."

मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी तिचाच फोन आला. सदाशिव पेठेत तळमजल्यावर फ्लॅट मिळालाय, करार करायचाय, तू येतेस की दुसरं कोणी बोलावू?

*

गेले. दुसरं कोणी आलेलं मला चाललं नसतं.

मालकीण श्वेता नावाची मुलगी, बँकेत नोकरीला, आईशी फार आदराने बोलत होती. आईने जाताच सगळे नळ उघडून पाहिले होते. सामान अजून यायचं होतं, पण टोपली आली होती, दोरीसकट. तळमजल्यावर टोपली कशाला म्हणून मी विचारलं. कांदे ठेवायला, म्हणाली.

फोटो झाले. अंगठा घेताना मी तेलाची बाटली तयार ठेवली होती. आईचा अंगठा पहिल्याच खेपेला उमटला. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी कधी तिच्या भांडी घासण्याला नावं ठेवली होती.

मग पोलिसांच्या माहितीचा अर्ज. नाव, वय, पूर्वीचा व्यवसाय. कायमचा पत्ता. मी थांबले. सवयीने बोटं नारायण पेठेकडे वळली होती. ते घर सोमवारी दुसऱ्याच्या नावावर झालं होतं. श्वेता आत चहा ठेवायला गेली.

"काय अडलं?" आईने विचारलं.

"पत्ता."

"तुझा घाल."

"आई, मी भाड्याने राहते. तो कसला कायमचा."

"वानखेड्यांच्या मुलाचं घर त्याच्या मालकीचं आहे का, ते विचारलं होतंस?"

नव्हतं विचारलं. मी माझा पत्ता टाइप केला. कर्वेनगर, दुसरा मजला. टाइप करताना एक चूक झाली, ती आईनेच दाखवली. चष्मा न लावता.

"तुझा करार कधी संपतोय?" ती म्हणाली.

"पुढच्या महिन्यात."

"मग तुझ्यात माझा घाल. हा."

पुढच्या महिन्यात मी माझा करार भरायला बसले. माझे घरमालक साने काका प्रत्येक कागद भिंग घेऊन वाचतात, स्वल्पविरामासकट. सात वर्षांत त्यांना एकही चूक सापडली नाही, याचं त्यांना वाईट वाटतं. या वेळी त्यांचं भिंग मधेच थांबलं.

"तुमचा कायमचा पत्ता बदलला?"

"हो काका."

"सात वर्षांत पहिल्यांदाच. आधी तिसरा मजला होता. का हो, काही झालं का?"

"नाही काका," मी म्हटलं. "आता तळमजल्यावर आहे."